मूलकोशिका संशोधनाचे शासकीय नियंत्रण, ब्रिटनमधील

मानवी भ्रूणापासून मिळणाऱ्या मूलकोशिका शरीरातील जवळजवळ कोणत्याही कोशिकेत परिणत होऊ शकतात. मात्र त्या मिळविण्याच्या रूढ पद्धतीत भ्रूण नष्ट होतो. या संशोधनाचे नियमन ब्रिटनने कायद्याने केले असून त्याचा पाया मानवी मूलकोशिका हाती येण्यापूर्वीच घातला गेला होता.

शरीरबाह्य फलनाने पहिले मूल १९७८ मध्ये ओल्डम येथे जन्मले, तेव्हा प्रयोगशाळेतील भ्रूणाचा दर्जा काय, याविषयी कायदा मूक होता. म्हणून १९८२ मध्ये तत्त्वज्ञ मेरी वॉर्नॉक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. फलनानंतर १४ दिवसांपर्यंतच, तेही परवाना घेऊन, संशोधन करता यावे आणि उल्लंघन हा फौजदारी गुन्हा मानावा, अशी शिफारस समितीने १९८४ मध्ये केली. सुमारे पंधराव्या दिवशी भ्रूणावर शरीराच्या भावी मांडणीची आद्यरेषा उमटते. तोपर्यंत एका भ्रूणाची जुळी होऊ शकतात व म्हणून त्याला एक व्यक्ती म्हणणे अवघड ठरते. भ्रूणाची वाढ अखंड असते, याची समितीला जाणीव होती. तथापि दिवस मोजता येतात व न्यायालयात सिद्ध करता येतात, हाच या मर्यादेचा खरा गुण होय. सोळांपैकी तीन सदस्यांनी मात्र भ्रूणांवरील संशोधनालाच विरोध नोंदविला.

१९८५ मध्ये ईनक पॉवेल यांच्या बंदी विधेयकाला कॉमन्स सभागृहात द्वितीय वाचनाच्या वेळी मोठे बहुमत मिळाले. केवळ वेळ न उरल्याने ते बारगळले. पुढील पाच वर्षांत शास्त्रज्ञांनी खासदारांचे मन वळविले आणि १९९० मध्ये मानवी फलन व भ्रूणविज्ञान अधिनियम संमत झाला. त्यान्वये स्थापन झालेल्या परवाना प्राधिकरणाचा अध्यक्ष वैद्य किंवा भ्रूणसंशोधक असू नये, ही तरतूद लक्षणीय आहे.

जेम्स टॉमसन यांनी अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे १९९८ मध्ये मानवी भ्रूणीय मूलकोशिका वेगळ्या केल्या. गंभीर रोगांवरील उपचारांसाठी संशोधनाची मुभा ब्रिटनने २००१ मध्ये दिली. या कोशिका पाच-सहा दिवसांच्या भ्रूणातून घेतल्या जात असल्याने कालमर्यादेला धक्का लागला नाही. त्याच वर्षी अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ९ ऑगस्टपूर्वीच्या कोशिकावंशांपुरतेच संघीय अनुदान ठेवले. खाजगी पैशाने चालणारे काम मोकळेच राहिले. भारतात २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १४ दिवसांचीच मर्यादा आहे.

ही मर्यादा दीर्घकाळ टिकली, ती मुख्यतः भ्रूण तेवढे दिवस जगवणे कोणालाच साधले नव्हते म्हणून. २०१६ मध्ये केंब्रिज व न्यूयॉर्क येथील संशोधकांनी १२-१३ दिवसांपर्यंत मजल मारली. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मूलकोशिका संशोधन संस्थेने १४ दिवसांपुढील संवर्धन आपल्या निषिद्ध प्रकारांतून वगळले. ब्रिटिश कायद्यात मात्र बंदी कायम राहिली. अंडे वा शुक्राणू न वापरता केवळ मूलकोशिकांपासून घडविलेल्या भ्रूणसदृश रचनांनी २०२३ मध्ये नवाच पेच निर्माण केला. त्यांच्यासाठी २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये एक आचारसंहिता तयार झाली. ती ऐच्छिक आहे.