टायमिंग बेल्ट तुटला की इंजिनचं एवढं नुकसान का होतं? जाणून घ्या खरं कारण

चालती गाडी अचानक बंद पडते. सेल्फ मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं फिरतं, पण सुरू होत नाही. टायमिंग बेल्ट तुटल्याचं हे लक्षण असू शकतं. बेल्ट रबराचा, पण तो तुटला की अनेक गाड्यांचं हेड खोलावं लागतं. मग कंपन्या इंजिन असं बनवतातच का?

बेल्टचं काम काय?

क्रँकशाफ्ट पिस्टनला जोडलेला असतो, तर कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो. या दोघांना दातेरी बेल्ट जोडतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो. इंजिन ३,००० आरपीएमवर असताना प्रत्येक पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर येतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह २५ वेळा उघडतो.

व्हॉल्व्ह उघडतो तो खाली, सिलिंडरच्या आत. म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकच जागा वापरतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. ही वेळ बेल्ट सांभाळतो. तो तुटला की कॅम जागीच थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. क्रँक मात्र वेगामुळे फिरत राहतो आणि वर येणारा पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनही फुटतो.

जागा जास्त का ठेवत नाहीत?

काही इंजिनांत ती असते. तिथे बेल्ट तुटला तर गाडी फक्त बंद पडते. पण पिस्टनच्या वर जागा जास्त राहिली की हवा कमी दाबली जाते. व्हॉल्व्ह कमी उघडले तर हवा कमी आत येते. दोन्हीकडून ताकद घटते, ॲव्हरेजही कमी होऊ शकतं.

डिझेलमध्ये तर पर्यायच नाही. तिथे स्पार्क प्लग नसतो. हवा साधारण १५ ते २० पट दाबून इतकी तापवतात की डिझेल आपोआप पेटतं. त्यासाठी पिस्टन हेडच्या अगदी जवळ, जेमतेम एक मिलिमीटरपर्यंत जातो. म्हणून जवळपास सगळ्या डिझेल गाड्यांत हा धोका असतो.

चेन असेल तर?

जुन्या २.५ लिटर डिझेल इनोव्हात आणि १.५ लिटर डिझेल डस्टरमध्ये बेल्ट आहे. इनोव्हा क्रिस्टाच्या २.४ लिटर डिझेलमध्ये चेन आहे. चेन जास्त टिकते, पण ऑइल वेळेवर बदललं नाही तर तीही सैल पडते. ती दात सोडून सरकली तर नुकसान तसंच होतं.

काय काळजी घ्यावी?

• बेल्ट किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा, ते गाडीच्या पुस्तकात पाहा. दोन्हीपैकी जे आधी येईल ते धरा. उभ्या गाडीतलं रबरही जुनं होतं.
• बेल्टसोबत टेन्शनर आणि आयडलर बदला. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही तपासून घ्या.
• बेल्टवर ऑइल गळत असेल तर आधी गळती थांबवा.
• सेकंडहँड गाडी घेताना बेल्ट बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदलायचाच आहे असं समजून भाव करा.
• बेल्ट तुटल्याची शंका आली तर पुन्हापुन्हा सेल्फ मारू नका, धक्का देऊ नका. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून टोचन लावा, नाहीतर उरलेले व्हॉल्व्हही वाकतील.

बेल्ट तुटण्याआधी बहुतेक वेळा कसलाही इशारा देत नाही. म्हणून आवाज येण्याची वाट न पाहता किलोमीटर आणि तारीख लिहून ठेवा. बेल्ट बदलण्यापेक्षा हेडचं काम कितीतरी महाग पडतं.