शाळेचा डबा : सकस आहाराचे प्रमाण आणि पाच तासांचे गणित

म्हैसूर – येथील सरकारी शाळेत दुपारच्या पंगतीला बसणाऱ्या मुलाच्या ताटात किती धान्य, किती डाळ आणि किती भाजी असावी, हे नियमाने ठरलेले आहे. त्याच शहरात घरून डबा घेऊन खासगी शाळेत जाणाऱ्या मुलासाठी असे कोणतेही प्रमाण ठरलेले नाही. सकाळच्या घाईत जे लवकर होईल आणि मूल जे विनातक्रार खाईल, त्यावरच डब्यातील पदार्थ अवलंबून असतो. शासकीय आहाराचे प्रमाण हाताशी धरून घरच्या डब्याची पारख कशी करता येईल, याचा हा आढावा.

या प्रश्नाचे महत्त्व आकडेवारीवरून स्पष्ट होते. केंद्र सरकारच्या २०१६–१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणानुसार देशातील ५ ते ९ वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे २२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली, तर सुमारे २४ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय दिसून आला. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी असून डबा तयार करताना दोहोंचा विचार करावा लागतो.

सरकारी ताटाचे प्रमाण

सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील मुलांना शिजवलेले अन्न द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. कर्नाटकात ही योजना २००२–०३ पासून ‘अक्षर दासोह’ या नावाने राबविण्यात आली. केंद्राच्या माध्यान्ह भोजन योजनेला २०२१ मध्ये ‘पीएम पोषण’ असे नाव देण्यात आले.

या योजनेनुसार पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, असे कच्च्या शिध्याचे प्रमाण आहे. त्यातून सुमारे ४५० किलोकॅलरी ऊर्जा आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी अपेक्षा आहे. सहावी ते आठवीसाठी हेच प्रमाण १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी व साडेसात ग्रॅम तेल असे असून त्यातून ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने अभिप्रेत आहेत.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये सुधारलेल्या शिफारशींनुसार ७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० किलोकॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे दुपारच्या या एका जेवणातून दिवसाच्या ऊर्जेचा चौथा हिस्सा आणि प्रथिनांचा जवळजवळ अर्धा वाटा भागतो.

घरगुती मापात सांगायचे, तर २० ग्रॅम डाळ म्हणजे साधारण दीड ते दोन मोठे चमचे आणि ५ ग्रॅम तेल म्हणजे एक लहान चमचा. ही डाळ वगळली, तर १२ ग्रॅम प्रथिनांपैकी चार ते पाच ग्रॅम कमी होतात. शिवाय तांदूळ-गव्हाच्या प्रथिनांत लायसिन या अमिनो आम्लाची उणीव असते; ती डाळीमुळे भरून निघते. केवळ भात किंवा केवळ चपाती-जॅम असलेला डबा पोट भरतो. पण ही उणीव तशीच राहते.

पोषणविज्ञानाचे शहर

म्हैसूरला या विषयाची जुनी परंपरा आहे. केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजेच सीएफटीआरआय, १९५० मध्ये येथील चेलुवांबा प्रासादात सुरू झाली. कुपोषणावर स्वस्त उपाय म्हणून या संस्थेने शेंगदाण्याचे पीठ तीन भाग आणि हरभऱ्याचे पीठ एक भाग घेऊन, त्यात जीवनसत्त्वे व कॅल्शियम मिसळून ‘इंडियन मल्टिपर्पज फूड’ तयार केले. महागड्या दुधाला पर्याय म्हणून शेंगदाणा आणि हरभरा यांचा असा उपयोग करण्यात आला होता. आजच्या डब्यासाठीही ही जोडी तितकीच उपयोगी आहे. मूठभर, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, शेंगदाण्यांतून साधारण सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. मात्र मुलाला शेंगदाण्याची अॅलर्जी नाही, याची खात्री पालकांनी करून घ्यावी.

परिचित पदार्थांची पारख

म्हैसूरच्या घराघरांत होणारे अनेक पदार्थ थोड्याशा बदलाने वरील प्रमाणात बसतात.

चित्रान्न : लिंबू पिळलेल्या या फोडणीच्या भातात शेंगदाणे आणि हरभरा डाळ असतेच, कमतरता असते ती भाजीची. किसलेले गाजर, मटार किंवा बारीक चिरलेली फरसबी घातल्यास ती दूर होते. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे वनस्पतिजन्य लोह शरीरात अधिक शोषले जाते. हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होत असल्याने भांडे विस्तवावरून उतरवल्यावरच लिंबू पिळावे.

उप्पिट्टू : महाराष्ट्रातील उपमा तो हाच. रव्याच्या जोडीला उडीद व हरभरा डाळ चिमूटभर न घालता दोन चमचे घालावी. भाजीही रव्याच्या किमान निम्मी असावी.

इडली : तांदूळ आणि उडीद डाळ यांचा मेळ येथे मुळातच साधलेला आहे. ओल्या नारळाची चटणी लवकर आंबते. त्याऐवजी डाळी व शेंगदाण्यांची ‘चटणी पुडी’ तेल किंवा तुपात कालवून द्यावी.

बिसी बेळे भात : तांदूळ, तूरडाळ आणि भाज्या यांनी परिपूर्ण असा हा पदार्थ आहे. मात्र तो ओलसर असल्याने साध्या डब्यात दुपारपर्यंत ठेवणे योग्य नाही.

पुळियोगरे : चिंचेच्या कोळातील हा भात प्रवासाची शिदोरी म्हणून प्रसिद्ध आहे. चिंचेच्या आंबटपणामुळे जंतूंची वाढ मंदावते. सोबत फरसबी-गाजराची कोरडी भाजी, म्हणजे ‘पल्या’, दिल्यास डबा पूर्ण होतो.

नाचणी आणि पालेभाज्या

जुन्या म्हैसूर प्रांताचे मुख्य धान्य असलेली नाचणी येथे रागी म्हणून ओळखली जाते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात त्याचे प्रमाण अगदीच अल्प असते. रागीचे मुद्दे गरम खाण्याचा पदार्थ असून भाकरीही थंड झाल्यावर कडक होते. डब्यासाठी उडीद डाळ घालून आंबवलेल्या पिठाचा नाचणी डोसा अधिक सोयीचा आहे, कारण तो दुपारपर्यंत मऊ राहतो. राज्य सरकारनेही २०२४ मध्ये शाळांत दिल्या जाणाऱ्या दुधात नाचणीचे पेयमिश्रण घालण्यास सुरुवात केली.

पालेभाजी वेगळी दिली, तर पुष्कळ मुले ती परत आणतात. मेथी, शेपू किंवा शेवग्याचा पाला बारीक चिरून चपातीच्या कणकेत अथवा डोशाच्या पिठात मिसळल्यास ही अडचण बऱ्याच अंशी दूर होते.

पाच तासांचे गणित

सकाळी साडेसातला भरलेला डबा दुपारी साडेबाराला उघडला जातो. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात अन्नातील जंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेले अन्न सामान्य तापमानात दोन तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. डबा या मर्यादेत बसणे कठीण असल्याने पदार्थांची निवड आणि डबा भरण्याची पद्धत यांना महत्त्व प्राप्त होते.

भाताबाबत विशेष दक्षता आवश्यक आहे. बॅसिलस सेरिअस या जंतूचे बीजाणू शिजवल्यानंतरही जिवंत राहतात. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिल्यास त्यांची वाढ होऊन विषारी द्रव्य तयार होते आणि ते पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. त्यामुळे रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी देऊन तो डब्यात देणे धोक्याचे आहे.

म्हैसूरमध्येच १९६१ साली स्थापन झालेल्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने जवानांसाठी अनेक महिने टिकणाऱ्या चपात्या व तयार खाद्यपदार्थ विकसित केले. तेथील प्रक्रिया घरी करता येणार नाहीत. तथापि ओलावा, उष्णता आणि अस्वच्छ हाताळणी हीच अन्न बिघडण्याची प्रमुख कारणे आहेत, हे तत्त्व घरीही तितकेच लागू पडते.

– भात सकाळी ताजा शिजवावा. साध्या डब्यासाठी कोरडे किंवा लिंबू-चिंचेचे आंबट पदार्थ निवडावेत.
– कोरड्या पदार्थांची वाफ काही मिनिटे जाऊ द्यावी आणि मगच झाकण लावावे. अन्यथा आत पाणी सुटते.
– सांबार किंवा बिसी बेळे भात द्यायचा असल्यास उष्णतारोधक डबा उकळत्या पाण्याने आधी तापवावा आणि त्यात वाफाळते अन्न काठोकाठ भरावे.
– चिरलेली काकडी व कोसंबरीला मीठ लावल्यावर पाणी सुटते. लांबच्या डब्यात त्याऐवजी अख्खे केळे, पेरू किंवा संत्रे द्यावे.
– उकडलेले अंडे शक्यतो सकाळच्या न्याहारीला द्यावे. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात.
– डब्याची कडी, झाकणाची खाच आणि रबरी कडे रोज घासून कोरडे करावे.

पाकीटबंद पदार्थांबाबत

अतिरिक्त चरबी, मीठ व साखर असलेल्या पदार्थांची विक्री शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत करू नये, असा नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० मध्ये अधिसूचित केला. हेच पदार्थ घरून डब्यातून गेल्यास या नियमाचा उपयोग राहत नाही. दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा दहा टक्क्यांपेक्षा कमी असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. १७०० किलोकॅलरींच्या आहारात ही मर्यादा सुमारे ४२ ग्रॅम, म्हणजे आठ लहान चमचे इतकी येते. गोड पेय, जॅम आणि क्रीमची बिस्किटे एकाच दिवशी दिल्यास ती सहज ओलांडली जाऊ शकते.

आठवड्याच्या डब्याचा एक नमुना

सोमवार : गाजर-मटार घातलेले चित्रान्न, शेंगदाणे, पेरू
मंगळवार : गाजर घातलेली इडली, चटणी पुडी, केळे
बुधवार : मेथीची चपाती, मुगाची कोरडी उसळ, संत्रे
गुरुवार : पुळियोगरे, फरसबीची पल्या, भाजलेले फुटाणे
शुक्रवार : शेवग्याचा पाला घातलेला नाचणी डोसा, चटणी पुडी, केळे
शनिवार : भाज्या व डाळी घातलेले उप्पिट्टू, ऋतूनुसार फळ

पदार्थांची निवड घरच्या सवयीनुसार बदलता येईल. प्रत्येक डबा भरताना धान्य आहे काय, डाळ किंवा शेंगदाणे आहेत काय, भाजी किंवा फळ आहे काय आणि हे अन्न दुपारपर्यंत चांगले राहील काय, हे चार प्रश्न मात्र विचारावेत. संध्याकाळी डब्यात काय उरले, हेही पाहणे आवश्यक आहे. एखादा पदार्थ वारंवार परत येत असल्यास त्याचे कारण मुलालाच विचारावे. सुट्टी अपुरी पडणे, पदार्थ थंड होऊन कडक होणे किंवा झाकण न उघडणे यांसारखी साधी कारणेही त्यामागे असू शकतात.