तंबोऱ्याचा भोपळा

मिरजेच्या तंबोऱ्याची हकिकत सांगणारा प्रत्येकजण शिकलगारांपासून सुरुवात करतो. १८१८ नंतर पेशवाई गेली, हत्यारांची मागणी आटली, तलवारींना धार लावणाऱ्या घराण्यांना नवा धंदा शोधावा लागला. १८५०च्या सुमारास फरीदसाहेबांनी वाद्यदुरुस्तीतून सतारी-तंबोरे घडवायला सुरुवात केली आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने पुढे सतारमेकरांची अख्खी गल्ली उभी राहिली. गोष्ट चांगली आहे, आणि कारागिरांच्या घरांत ती पिढ्यानुपिढ्या सांगितली जाते. माझी तक्रार एवढीच, की तिच्यात भोपळा नाही.

मिरज कृष्णेच्या खोऱ्यातली. भोपळा मात्र येतो भीमेच्या काठावरून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. हा भाजीतला दुध्या नव्हे, पण त्याचाच कडू, जाड सालीचा भाऊबंद. तो वेलावरच जून होऊ द्यायचा, कडकडीत वाळवायचा. मग मिरजेत कारागीर तो भिजवतो, कापतो, आतला गर व बिया काढतो, काटक्यांचे आधार देऊन पुन्हा आकारात सुकवतो. पुरुषी आवाजाच्या तंबोऱ्याला मोठ्या घेराचा भोपळा लागतो, बायकी तंबोऱ्याला त्याहून लहान. दांडीचे लाकूड हव्या त्या मापाचे कापता येते; भोपळ्याचा घेर मात्र शेतातच ठरून येतो. त्यामुळे वाद्याची पट्टी काही अंशी जमीन आणि पाऊसच ठरवतात, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

१९२७ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी पंढरपूरहून मिरजेपर्यंत आली. वारकऱ्यांची गाडी म्हणूनच ती लोकांच्या लक्षात आहे. हलके, पण अवाढव्य आणि ठिसूळ भोपळे बैलगाडीच्या हिसक्यांपेक्षा या गाडीने सुखरूप पोचत असावेत, असा माझा तर्क आहे.

तोवर मिरज गाण्याचे गाव झालेच होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर इथेच शिकले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेला घर केले. वाद्याची दुरुस्ती ते स्वतः करीत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स श्रुतींचा हिशेब मांडत होते, तेव्हा त्या स्वरांना कान आणि गळा पुरवला तो खाँसाहेबांनी. १९३७ साली पाँडिचेरीच्या वाटेवर ते वारले; त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे.

जवारीचे कोडे मात्र कलकत्त्यात उलगडले. तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे ज्यांचा निश्चल बिंदू पडतो ते उपस्वर उमटू नयेत, असा भौतिकशास्त्राचा नियम. तंबोऱ्यात ते उमटतात. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवले, की याचे कारण रुंद, किंचित गोलाईची घोडी आणि तिच्यावर तारेखाली सरकवलेला दोरा. कानसाने घोडी घासत बसलेला कारागीर रोज हाच नियम चुकवत असतो, फक्त त्याला तो नियम म्हणून ठाऊक नसतो. नाद असा घोडीवर जन्मतो. त्याला घर देतो भोपळा.

आता त्या घराचाच प्रश्न आहे. उजनी धरणाचे पाणी सोलापूर जिल्ह्यात फिरले आणि त्याच्यामागे ऊस आला. ज्याच्या शेतात पाणी आहे त्याने महिनोन्‌महिने रान अडवणारे, खाता न येणारे, एका अवकाळी पावसात कुजणारे पीक कशासाठी घ्यावे? शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. फायबरचे भोपळे आणि इलेक्ट्रॉनिक तंबोरे आलेच आहेत. प्रवासात मलाही त्या पेटीचा उपयोग पटतो. तिच्याशेजारी खरा तंबोरा लावला की मात्र बोलायचे काही राहत नाही.

मार्च २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. योग्यच झाले. मानांकन मिरजेच्या नावाचे आहे. भोपळ्याचे शेत शेजारच्या जिल्ह्यात आहे, आणि पुढच्या हंगामात तिथे वेल लावायचा की ऊस, हे ठरवणाऱ्या माणसाला त्या मानांकनातून अजून तरी काही मिळत असेल, असे मला वाटत नाही.