गोदावरी : पुसलेली सरहद्द आणि पाणी

आपल्या शहरातून पुण्याला निघालं की तासाभरात कायगावचा पूल लागतो. अलीकडे कायगाव, पलीकडे टोका आणि प्रवरासंगम. गाडीतले कितीतरी जण हात जोडून नदीत नाणं टाकतात.

१९४८ पर्यंत हीच नदी सरहद्द होती. या काठाला निजामाचा औरंगाबाद जिल्हा, त्या काठाला इंग्रजांचा अहमदनगर. नाणंही वेगळं : इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. शंभर कलदारांना साधारण ११६ रुपये हाली मोजावे लागत. माल इकडचा तिकडे न्यायचा तर करोडगिरी, म्हणजे जकात. इकडे कचेरीत उर्दू, तिकडे मराठी आणि इंग्रजी. माणसं मात्र एकाच बोलीची, सोयरिकी नदीपारच्या.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १९५६ मध्ये दोन्ही काठ एकाच राज्यात आले. करोडगिरी गेली, हाली गेला. मग सरहद्द संपली का? मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी, म्हणून विचारतो : नकाशावरची रेघ पुसली की तिचे परिणामही पुसले जातात का?

जरा मागे जाऊ. प्रवरेवर इंग्रज सरकारने बांधलेलं भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. कालवे आले, ऊस आला, १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. निजाम सरकारनेही मोठं धरण बांधलं, १९३१ चं निजामसागर. पण ते मांजरेवर, दूर तेलंगणात. मांजरा उगवते बीड जिल्ह्यात! आपल्या काठाला राहिली विहीर आणि पावसाची ज्वारी-बाजरी.

जायकवाडीची पायाभरणी १९६५ ला, उद्घाटन १९७६ ला. नाथसागरात दोन्ही जिल्ह्यांच्या जमिनी गेल्या. पण वरच्या बाजूला नाशिक-नगरची धरणं आहेतच. म्हणून २००५ चा कायदा, २०१४ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश, आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल : तुटीच्या वर्षी वरून पाणी सोडावं लागेल. तरी कमी पावसाच्या वर्षी तोच वाद पुन्हा उभा राहतो.

यात वरच्या शेतकऱ्याला शत्रू समजू नका. त्याच्या आजोबांना सरकारनेच पाणी दिलं आणि ऊस लावायला शिकवलं. पण आपल्या आजोबांना ते मिळालं नाही, ते केवळ दुसऱ्या राजाच्या काठावर जन्मले म्हणून. तेव्हा ‘आधी आलेल्याचा हक्क’ हा युक्तिवाद ऐकताना एवढं विचारा : ज्याला येऊच दिलं नाही, त्याचं काय?

प्रश्न असतील तर आता घेऊ.