सुहा दिसतो का?

सप्तर्षीच्या शेपटीतला मधला तारा म्हणजे वसिष्ठ. त्याला खेटून असलेल्या अंधुक अरुंधतीला अरब 'सुहा' म्हणत, म्हणजे दुर्लक्षित. सुहा दिसतो का, यावरून ते नजर पारखत. अब्दुर्रहमान अल-सूफी यांच्या इ.स. ९६४च्या सुमारास लिहिलेल्या तारकाग्रंथातही तो आहे. पुढे ११व्या शतकात कैरोत इब्न अल-हैसम यांनी मांडलं, की डोळा किरण फेकत नाही. वस्तूकडून आलेला प्रकाशच डोळ्यात शिरतो.

हा प्रकाश आत कसा शिरतो, यावरच आजच्या लेसिकचं यश ठरतं. चष्मा घालवण्यासाठी लेसरने कॉर्नियाला नवा आकार देतात, पण साधारण ६ ते ६.५ मिलिमीटरच्या वर्तुळात. काळोखात तरुण माणसाची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंतही मोठी होते. मग वर्तुळाच्या कडेचा प्रकाश नीट एकवटत नाही, ताऱ्याभोवती वलय दिसतं आणि वसिष्ठाच्या झगमगाटात सुहा हरवू शकतो. बहुतेकांचा हा त्रास काही महिन्यांत ओसरतो, काहींचा राहतो.

दवाखान्यातला तक्ता उजेडात वाचतात; त्यावर ६/६ आलं तरी रात्रीची परीक्षा उरतेच. म्हणून आकाश पाहणाऱ्या मित्रांना मी सांगतो: शस्त्रक्रियेआधी अंधारातली बाहुली मोजून घ्या आणि आपण तारे पाहतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.