ऐकलेलं लिहून ठेवणारे गुरुजी



गटाची बैठक सुरू असते तेव्हा रजिस्टर कोणाच्या हातात असतं? आम्ही गावोगाव बैठकांना जातो, तेव्हा बऱ्याचदा ते एखाद्या ताईच्या शाळकरी मुलाच्या हातात दिसतं. बाया बोलतात, तो लिहितो, बाया सही-अंगठा करून घरी जातात. काय लिहिलं, ते कोणी वाचून घेत नाही. आमच्या एका गटात एका मावशींचा २०० रुपयांचा हप्ता असाच लिहायचा राहिला. दोन महिन्यांनी त्यावरून मोठं भांडण झालं. पैसे भरताना सगळ्यांनी पाहिलं होतं, पण रजिस्टरात नोंद नव्हती.

म्हणून आज आम्ही साने गुरुजींबद्दल बोलणार आहोत. 'श्यामची आई' आपल्याला ठाऊक आहे. पण गुरुजी घडले ते आपल्या खान्देशात, हे आपण विसरतो.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. ते तत्त्वज्ञान शिकायला अमळनेरला आले आणि १९२४ साली तिथल्याच शाळेत मास्तर झाले. तीच आजची प्रताप हायस्कूल. पुढे शाळेचं वसतिगृह त्यांच्याकडे आलं. मुलं शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडत, कंदिलाच्या काचा पुसत, कपडे धुवून ठेवत. कोणाला रागावणं नाही, उपदेश नाही. मुलंच लाजली आणि स्वतःची कामं स्वतः करू लागली. झाडलोट, धुणं ही आपली रोजची कामं. त्यांना कोणी शिक्षण म्हणत नाही. गुरुजींनी मात्र त्या कामांतूनच मुलांना शिकवलं.

त्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं एक दैनिक हाताने लिहून काढत. दिवसभर शिकवायचं आणि वर हे रोजचं लिखाण. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले.

१९३२ साली गुरुजी धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा भावेही तिथेच होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक, अशी विनोबांनी गीतेवर १८ प्रवचनं दिली. समोर बसलेले सारे कैदी ऐकत होते आणि गुरुजी ऐकता ऐकता लिहीत होते. तेच पुढे 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं आणि देशातल्या कितीतरी भाषांत गेलं. विचार विनोबांचे होते. पण गुरुजी तिथे लिहायला बसले नसते, तर ते शब्द धुळ्याच्या तुरुंगाच्या भिंतींतच राहिले असते.

गुरुजी नुसते लिहीत बसले नाहीत. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. त्यासाठी गुरुजी गावोगाव फिरले. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार दलितांना उघडावं म्हणून त्यांनी उपोषण केलं. १ तारखेला सुरू झालेलं उपोषण १० तारखेला मंदिर खुलं होण्याचं ठरल्यावर सुटलं. ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले.

आता आपल्याच एका माउलीचं बघा. आसोद्याच्या लेकी, जळगावच्या सूनबाई बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर काम करता करता त्या गाणी रचायच्या. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती उतरून घेतली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, १९५२ साली पुस्तक निघालं. जेवढं उतरलं तेवढं आपल्यापर्यंत आलं. तशीच गाणी आपल्या आज्या-पणज्यांनीही म्हटली होती. ती कोणी उतरून घेतली?

रजिस्टर हे काही मोठं पुस्तक नाही. पण कोणी किती भरले, कर्ज कोणाला दिलं, कोणी विरोध केला आणि का, हे आपल्या गावच्या बायांचं बोलणं आणखी कुठे लिहिलेलं सापडणार नाही. ते दुसऱ्याच्या हाती सोपवलं की त्याला जेवढं महत्त्वाचं वाटेल तेवढंच उरतं.

त्या भांडणानंतर आमच्या त्या गटाने मुलाकडून रजिस्टर काढून घेतलं. आता सातवी शिकलेली एक सूनबाई लिहिते. अक्षर वाकडं येतं, वेळही लागतो. सही-अंगठ्याआधी ती सगळं मोठ्याने वाचून दाखवते. हप्त्याच्या ओळीवर आली की त्याच मावशी बोट ठेवून विचारतात, "हाई काय लिखेल शे?"

पुढच्या बैठकीत तुम्हीही विचारा.