शूर शिपाई आणि जुने साहित्य

ज्या ज्ञातींतील तरुण पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जात आले, त्यांच्या वार्षिक अंकांतून शूरांची छायाचित्रे, त्यांना मिळालेली पदके आणि त्यांच्या पराक्रमाच्या हकिगती आवर्जून छापल्या जातात. हे योग्यच आहे. परंतु हकिगती वाचताना एक प्रश्न आमच्या मनात वारंवार येत असतो आणि तो बहुधा कोणी विचारीत नाही. हा शूर पुरुष ज्या दिवशी लढला, त्या दिवशी त्याच्या हातात कोणती बंदूक होती, पायात कसले बूट होते, अंगावर किती कपडे होते आणि पट्ट्यात किती काडतुसे होती? पराक्रमाचे वर्णन करताना आपण शिपायाच्या छातीकडे पाहतो, त्याच्या पाठीवरील पिशवीकडे पाहत नाही. इतिहासाची थोडीशी आवड असलेल्या आम्हांस असे वाटते की, त्या पिशवीचाही एक इतिहास आहे आणि तो घराघरांतून कळणे अगत्याचे आहे.

साहित्याकडे पाहणे म्हणजे शौर्य कमी लेखणे, असे कोणी समजू नये. श्रीशिवछत्रपतींनी राज्याभिषेकापूर्वी चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यात तलवारीच्या तेजाची भाषा नाही. आहे ती वैरणीची आणि दाण्याची. साठा बेताने न वापरला तर पावसाळ्यात घोडी मरतील, शिपाई रयतेच्या घरात शिरतील, दिव्याची वात उंदराने ओढून नेली तर गवताच्या गंजी पेटतील, अशा बारीकसारीक गोष्टी राजा स्वतः लिहून बजावतो. ज्याला लढाई जिंकावयाची आहे त्याने घोड्याच्या तोबऱ्यापर्यंत लक्ष पोहोचविले पाहिजे, ही जाणीव आपल्याकडे नवीन नाही.

ती जाणीव हिंदी शिपायाच्या बाबतीत नष्ट झाली, ती इंग्रजी अमलात. आणि तीही हयगयीने नव्हे, तर बुद्धिपुरस्सर. १८५७ च्या उठावाने सरकारास धडकी भरली होती. देशी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींच्या तोडीची शस्त्रे असू नयेत, असे धोरण ठरले. १८५८ साली देशी पलटणींसाठी मुद्दाम अशा बंदुका काढण्यात आल्या की, ज्यांच्या नळीतील आटे काढून टाकलेले होते. नळीत आटे असले म्हणजे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ आणि लांब जाते. ते नसले म्हणजे नेम जवळच्या पल्ल्यापुरताच राहतो. काही पहाडी तोफखाने वगळता तोफाही देशी लोकांच्या हातून काढून घेतल्या आणि सुमारे पाऊणशे वर्षे तोफखाना गोऱ्यांकडेच राहिला. पुढे रीत अशी पडली की, गोऱ्या पलटणीला नवी बंदूक आली म्हणजे तिची जुनी बंदूक देशी पलटणीकडे यावयाची. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याने घालावा तसे हे होते. फरक इतकाच की, येथे सदऱ्याच्या जागी प्राण होता.

सरहद्दीवरील टोळ्यांशी लढेपर्यंत हे उणेपण खपून गेले. १९१४ च्या महायुद्धात मात्र ते एकदम उघडे पडले. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी सैन्य फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात उतरले, तेव्हा त्याच्याजवळच्या रायफली तेथील नव्या काडतुसांस चालण्याजोग्या नव्हत्या. बंदरातच त्या बदलून दुसऱ्या द्याव्या लागल्या. हाती आलेल्या नव्या हत्याराची पुरती सवय होण्यापूर्वीच ऑक्टोबरात हे लोक खंदकांत उभे राहिले. अंगावर हिंदुस्थानच्या उन्हाळ्यासाठी शिवलेले सुती खाकी कपडे, आणि समोर युरोपचा हिवाळा! हातबाँब पुरेसे नव्हते. तेव्हा जॅमच्या रिकाम्या डब्यांत स्फोटक द्रव्य भरून ते जागेवरच तयार करण्यात आले.

याहून दुःखद हकिगत मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची आहे, आणि तिचा आपल्या मुलखाशी निकटचा संबंध आहे. नोव्हेंबर १९१४ मध्ये तेथे उतरलेली फौज ‘सहावी पूना डिव्हिजन’ या नावाची होती. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी तीत होत्या. साताऱ्याकडील व कोकणातील कित्येक घरांतील माणसे टायग्रिस नदीच्या काठी गेली ती याच पलटणींतून. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे घनघोर लढाई झाली आणि हजारो लोक जखमी झाले. त्यांना मागे आणण्यास साधन कोणते? खेचरे जुंपलेल्या, बिनस्प्रिंगांच्या, सामान वाहण्याच्या दुचाकी गाड्या! हाडे मोडलेली माणसे त्यांत घालून खाचखळग्यांतून मैलोगणती नेण्यात आली. नदीतील बोटींवरही जखमींची निगा राखण्याची व्यवस्था नव्हती. पुढे ही फौज कूत अल् अमारा येथे वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी अवस्थेत शरण आली. तेरा हजारांच्या घरात माणसे कैद झाली व त्यांतील पुष्कळ जण परत आली नाहीत. विलायतेत चौकशी कमिशन बसले, १९१७ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात या गैरव्यवस्थेवर कडक ताशेरे मारले गेले आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. शिपायाच्या गाडीला स्प्रिंगा नव्हत्या, ही गोष्ट एका मंत्र्याच्या खुर्चीपर्यंत पोहोचली खरी; पण तोवर गाडीतले लोक गेले होते.

येथवरची कथा परक्या राज्याची आहे. वाचक म्हणतील, १९४७ नंतर तर राज्य आपले झाले. मग पुढे काय घडले? धोरण गेले, हे खरे. पण धोरण गेले तरी सवय लगेच जात नाही.

१९६२ साली आपल्या पायदळाचे मुख्य शस्त्र ‘थ्री-नॉट-थ्री’ या नावाने सर्वांस ठाऊक असलेली ली-एन्फील्ड रायफल हे होते. नळीचा व्यास .३०३ इंच, यावरून हे नाव पडले. या शतकाच्या नव्हे, मागल्या शतकाच्या प्रारंभी तिचे रूप निश्चित झाले होते. रायफल अचूक आणि मजबूत होती. दोन महायुद्धांत तिने नाव कमावले होते. परंतु प्रत्येक गोळीनंतर तिचा खटका हाताने मागे ओढून पुढे लोटावा लागे. दहा गोळ्या संपल्या की पुन्हा भरावयाच्या. कसलेला शिपाई मिनिटाला पंधराच्या आसपास नेमके बार काढी. समोरच्या चिनी सैन्याजवळ अर्धस्वयंचलित व स्वयंचलित रायफली होत्या. शून्याखालच्या थंडीत बोटे बधिर झालेली असताना प्रत्येक बारामागे खटका ओढणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्या वर्षी ईशान्येस नामका चू या ओढ्याच्या काठी सातवी ब्रिगेड उभी होती. तिचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी यांनी पुढे १९६९ साली ‘हिमालयन ब्लंडर’ या ग्रंथात तेथील स्थिती लिहून ठेवली आहे. मैदानी मुलखातून घाईने आणलेल्या पलटणी सुती गणवेशात होत्या. माणशी एक ब्लँकेट आणि जवळ पन्नास काडतुसे, एवढाच संसार. खंदक खणण्यास व झाडे तोडण्यास पुरेशी हत्यारे नाहीत. विमानांतून टाकलेले सामान मुक्कामावर पडण्याऐवजी बरेचसे दऱ्यांत पडून नाहीसे होई. २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे हल्ला झाला. दुसऱ्या राजपूत पलटणीचे २८२ जवान त्या एका ठिकाणी कामास आले, अशी नोंद आहे.

त्यानंतर महिन्याच्या आत, १८ नोव्हेंबर रोजी, लडाखमध्ये चुशूलजवळ रेझांग ला येथे १३ व्या कुमाऊँ पलटणीची एक कंपनी मेजर शैतान सिंग यांच्या हाताखाली लढली. जागा १६,००० फुटांहून उंच; मध्ये डोंगर आल्यामुळे आपल्या तोफांचा आधार नाही; हाती तीच थ्री-नॉट-थ्री, थोड्या मशिनगनी आणि लहान मॉर्टर. सुमारे १२० जणांपैकी ११० हून अधिक जण तेथेच पडले. बर्फ ओसरू लागल्यावर १९६३ च्या प्रारंभी त्यांचे देह सापडले, तेव्हा कित्येकांच्या हातांत शस्त्रे तशीच होती. मेजर शैतान सिंग यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. या हकिगतीपुढे मस्तक नम्र होते. पण मस्तक नम्र झाल्यानंतर ते पुन्हा वर करून विचारावयास हवे की, अशा माणसांच्या हाती आम्ही काय दिले होते?

नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य तेव्हापासून महाराष्ट्राच्या तोंडी आहे. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स व ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी पराभवाची चौकशी केली. तो अहवाल सरकारने आजवर संपूर्ण प्रसिद्ध केलेला नाही. परंतु २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत त्यातील निष्कर्षांचे निवेदन केले. ते आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. शस्त्रे चिन्यांच्या तुलनेने हलकी नव्हती, असे त्यांनी सांगितले. मात्र थंड हवेत स्वयंचलित रायफलींचा उपयोग झाला असता, हेही मान्य केले. साहित्याची एकंदर टंचाई होती, ही गोष्ट त्यांनी लपविली नाही. आणि पुढे त्यांनी जे सांगितले त्यात सारे मर्म आहे. पुष्कळ वेळा साहित्य देशात कोठेच नव्हते असे नाही. मैदानातील शेवटच्या ठाण्यापर्यंत ते पोहोचले होते. तेथून डोंगरावर लढणाऱ्यापर्यंत ते वेळेवर गेले नाही. रस्ते नव्हते, आणि वाहनांपैकी पुष्कळशी इतकी जुनी होती की ती तो चढ चढण्यास समर्थ नव्हती.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कोठारातील लोकरी कोट हा हिशेबवहीत कोट असतो. शिपायाच्या अंगावर चढेपर्यंत तो कोट नव्हे. साहित्य जुने असणे आणि नवे साहित्य वेळेवर न पोहोचणे, या दोहोंचा परिणाम लढणाऱ्याच्या दृष्टीने एकच असतो. त्या हिवाळ्यात देशभर आयाबहिणींनी जवानांसाठी स्वेटर विणले, अंगावरचे दागिने उतरवून दिले. आमच्या घरातील वडीलधारी माणसे त्याच्या आठवणी आम्हांस अभिमानाने सांगत. तो अभिमान सार्थच आहे. मात्र ज्या राष्ट्रास लढाई सुरू झाल्यावर स्वेटर विणावयास बसावे लागते, त्याने त्याआधीच्या दहा वर्षांचा हिशेब स्वतःकडे मागितला पाहिजे.

१९६२ नंतर सैन्यात आपोआप भरली जाणारी नवी रायफल आली आणि थ्री-नॉट-थ्री हळूहळू मागे पडली. परंतु ती गेली नाही, पोलिसांकडे आली. थोरल्याचा सदरा धाकट्याकडे! २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेतलेल्या अतिरेक्यांसमोर रेल्वेच्या शिपायांजवळ तीच जुनी रायफल, नाही तर काठी होती. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या अंगावर घेत अतिरेक्याची बंदूक घट्ट धरून ठेवली. ते सातारा जिल्ह्याचे, पूर्वी लष्करात नोकरी केलेले. हाती केवळ लाठी होती. त्यांना अशोकचक्र मिळाले. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तर ही रायफल २०२० साली निवृत्त केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत संसदेपुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात सियाचिन व लडाख यांसारख्या उंच भागांतील जवानांविषयी लिहिले होते. बर्फात वापरावयाच्या चष्म्यांची तूट ६२ ते ९८ टक्के होती. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात विशेष बूट न मिळाल्यामुळे वापरलेलेच बूट पुन्हा उपयोगात आणावे लागले. मुखवटे, जाकिटे व झोपण्याच्या पिशव्या जुन्याच नमुन्याच्या घेतल्या गेल्या. १८५८ मध्ये जुने देण्यामागे अविश्वास होता; आज तो नाही. पण बर्फाला कारणांचा भेद कळत नाही.

मग हे असे पुनःपुन्हा का घडते? आमच्या अल्प मतीप्रमाणे याचे एक कारण आपल्या शौर्यप्रेमातच आहे. ‘आमचा जवान उपाशी राहूनही लढतो’ हे वाक्य आपण कौतुकाने उच्चारतो. तो लढतो हे खरे. परंतु त्याच्या या गुणाचा भरवसा धरूनच त्याची शिदोरी उशिरा पाठविली जाते, हेही तितकेच खरे. शिपायाचे धैर्य ही त्याने देशाला दिलेली ठेव आहे. ती खर्च करून बुटांची किंमत वाचविणे हा हिशेब कोणत्याही सद्‌गृहस्थास पटणार नाही.

म्हणून आमची एक सूचना आहे. आपल्या ज्ञातीत निवृत्त सैनिकांची घरे आहेत. त्यांच्या आठवणी पुढील अंकांसाठी लिहून घेताना तरुणांनी त्यांना पदकांबरोबर साहित्याविषयीही विचारावे. बूट कसे होते, थंडीत काय पांघरले, काडतुसे किती होती, पाणी कोठून आणले, जखमी मित्राला खाली कसे आणले, हे सारे तारीखवार टिपून ठेवावे. अशा नोंदी सरकारी दप्तरात क्वचितच असतात. त्या म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणात असतात आणि त्यांच्याबरोबरच जातात. ज्या घरातून मुलगा सैन्यात जातो, त्या घरास त्याच्या बुटांविषयी प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. तो अधिकार बजावल्याने कोणाच्या शौर्यास उणेपणा येत नाही, एवढे नम्रपणे नमूद करून आम्ही हा लेख पुरा करतो.